संक्रांतीच्या वाणाचं पुढे काय होतं? नाताळ ते रथसप्तमी, सणांचा कचरा कमी करण्याचा हिशेब

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हळदी-कुंकवाहून घरी परतलेल्या कोणत्याही बाईची पिशवी उघडून बघा. तिळगुळाची प्लॅस्टिकची पुडी, गजरा, हळद-कुंकवाची इवलीशी पाकिटं आणि वाण. हे वाण म्हणजे कधी चहाची गाळणी, कधी झाकणाचा डबा, कधी कंगवा-आरशाचा सेट, तर कधी चिमटे.

रथसप्तमी येईपर्यंत अशी आठ-दहा वाणं जमा होतात. घरात गाळणी आधीच असते, डबेही असतात. त्यामुळे आलेल्या वस्तू माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या खणात जातात. त्यातल्या काही पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला दिल्या जातात, काही कामाला येणाऱ्या मावशींना आणि उरलेल्या दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात.

गणपतीत मूर्ती आणि निर्माल्याची चर्चा होते, दिवाळीत फटाक्यांची. पण नाताळ, थर्टी फर्स्ट, भोगी, संक्रांत, किंक्रांत, बोरन्हाणं आणि रथसप्तमीपर्यंतची हळदी-कुंकवं, या सगळ्या काळात तयार होणाऱ्या कचऱ्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कारण तो एका जागी दिसत नाही. तो घराघरांत, झाडांवर, गच्चीवर आणि हवेत विखुरलेला असतो.

हा कचरा नेमका कशाचा असतो? कायदा काय सांगतो? आणि सणाची मजा कमी न करता तो कसा कमी करता येईल? समजून घेऊ.

एका सोसायटीचा हिशेब

समजा, ४० घरांची एक सोसायटी आहे. त्यातल्या २५ घरांनी हळदी-कुंकू केलं आणि प्रत्येकीने ३० जणींना वाण दिलं. म्हणजे ७५० वस्तू झाल्या. प्रत्येक वाण एका छोट्या पिशवीत दिलं, तर ७५० पिशव्या. सोबत तिळगुळाची एकेक पुडी धरली, तर आणखी ७५० वेष्टनं.

हा फक्त अंदाजाने मांडलेला हिशेब आहे. पण यातून एक गोष्ट लक्षात येते. एकेकटीने पाहिलं तर ३० गाळण्या म्हणजे काहीच नाही. मात्र प्रत्येक घर देतं आणि प्रत्येक घर घेतं, त्यामुळे वस्तूंची संख्या वाढत जाते. देणारीला आपण काय दिलं ते माहीत असतं, पण घेणारीकडे आधी काय-काय आलंय ते माहीत नसतं. वाणाच्या कचऱ्याचं मूळ इथे आहे.

वाणात आधी काय असायचं?

संक्रांत हा शेतातलं नवं पीक घरात येण्याच्या दिवसांतला सण. सुगडांत काय भरलं जातं ते आठवलं की हे लगेच कळतं. उसाचे करवे, बोरं, गाजर, ओला हरभरा, गव्हाच्या ओंब्या, भुईमुगाच्या शेंगा, तीळ. त्या-त्या आठवड्यात शेतात आणि बाजारात जे असतं, तेच मातीच्या छोट्या मडक्यात भरून एकमेकींना दिलं जातं.

यातलं जवळपास सगळं खाल्लं जातं. उसाची चिपाडं, शेंगांची टरफलं, बोरांच्या बिया उरतात, त्या मातीत जातात. सुगड कुंभाराकडून येतं. त्यामुळे पैसाही गावातच राहतो.

पुढे वाण लुटण्यात टिकाऊ वस्तू आल्या आणि नंतर डझनाच्या भावात मिळणारं प्लॅस्टिक आलं. मुंबईतलं क्रॉफर्ड मार्केट असो, पुण्यातली बोहरी आळी असो किंवा तालुक्याच्या गावातलं होलसेल दुकान असो, जानेवारीत तिथे वाणाच्या वस्तूंचे ढीग लागतात. थोडक्या पैशांत तीस जणींना काहीतरी 'वस्तू' देता येते, हे त्यामागचं सरळ कारण आहे. घरखर्चातून पैसे बाजूला काढून सण साजरा करणाऱ्या बाईला यासाठी दोष देण्यात अर्थ नाही.

प्रश्न असा आहे की तेवढ्याच पैशांत दुसरं काही देता येईल का?

मग कापडी पिशव्या वाटल्या की झालं?

गेल्या काही वर्षांत 'पर्यावरणपूरक वाण' म्हणून कापडी पिशव्या देण्याची पद्धत वाढली आहे. हेतू चांगला आहे, पण इथेही एक मेख आहे.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे तिथल्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने, २०११ मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पिशवी तयार करण्यापासून ती फेकून देईपर्यंत हवामानावर होणारा परिणाम त्यात मोजला होता. सुपरमार्केटमधली पातळ प्लॅस्टिकची पिशवी एकदाच वापरून फेकली, तर तिच्या बरोबरीला येण्यासाठी कापसाची पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते, असं त्यात दिसलं.

कारण कापूस पिकवायला पाणी, खत आणि जमीन लागते, सूत काढायला आणि कापड विणायला वीज लागते.

याचा अर्थ प्लॅस्टिकची पिशवी चांगली, असा अजिबात नाही. हा हिशेब हवामानापुरता आहे. नाल्यात अडकणारं, गायीच्या पोटात जाणारं प्लॅस्टिक त्यात मोजलेलं नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होते. दाराच्या मागे खुंटीला लटकलेली आणि रोज भाजीला नेली जाणारी एक कापडी पिशवी उपयोगाची. कपाटात घडी घालून ठेवलेल्या पंधरा कापडी पिशव्या म्हणजे दिसायला चांगला असलेला कचराच.

रोपांचंही तसंच आहे. तुळशीचं रोप हे सुंदर वाण आहे, पण घेणारीच्या घरी ऊन येणारी खिडकी किंवा बाल्कनी असेल तर. नाहीतर पंधरा दिवसांत रोप वाळतं आणि नर्सरीची काळी पिशवी उरते.

म्हणजे वस्तू कशापासून बनली आहे, हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, ती वापरली जाणार आहे का?

वाण निवडताना काय बघायचं?

खरेदीला जाण्याआधी तीन प्रश्न विचारले तरी पुरे.

१. ही वस्तू महिन्याभरात संपेल का? संपणार असेल तर उत्तम.

२. संपणार नसेल, तर ती घेणारीच्या घरी आधीपासून नसेल, याची खात्री आहे का?

३. खराब झाल्यावर भंगारवाला ती विकत घेईल का? स्टील, ॲल्युमिनियम, काच, कागद यांना थोडाफार भाव असतो. आरसा चिकटवलेलं, चमकी लावलेलं, दोन-तीन प्रकारचं प्लॅस्टिक जोडलेलं सामान बहुतेक वेळा कुणी घेत नाही.

या कसोटीला उतरणारे काही पर्याय असे:

- खाण्याच्या वस्तू: तीळ, गूळ, शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, गोडा मसाला, मेतकूट, नाचणीचं पीठ. गावातल्या बचत गटाकडून घेतल्या तर वाणाचे पैसे थेट तिथल्या बायकांना मिळतात. कागदी पुडीत देता आल्या तर आणखी चांगलं.
- वापरून संपणाऱ्या वस्तू: साबण, उटणं, वाती, खोबरेल तेल.
- पुस्तकं: प्रत्येकीला वेगळं पुस्तक दिलं तर ती आपापसांत बदलून वाचता येतात. तीस जणींचं एक छोटं वाचनालयच तयार होतं.
- सगळ्यांचं मिळून एक वाण: २५ घरांनी वेगवेगळ्या गाळण्या घेण्याऐवजी पैसे एकत्र करून सोसायटीसाठी स्टीलची ताटं, वाट्या आणि पेले घ्यायचे. पुढे बारसं असो की सत्यनारायण, ज्याला लागतील त्याने न्यायची आणि घासून परत आणायची. एका संक्रांतीच्या खर्चात कित्येक वर्षांचे कागदी कप आणि थर्माकोलच्या प्लेटा वाचतात.
- माळ्यावरचं वाण बाहेर काढणं: न वापरलेली जुनी वाणं एका टेबलावर मांडायची आणि जिला जे हवं ते तिने घ्यायचं. नको असलेली पाचवी गाळणी कुणाची तरी पहिली असू शकते.

आमंत्रणाच्या मेसेजमध्ये 'यंदा वाण खाऊचं आहे, येताना डबा आणा' एवढी एक ओळ लिहिली तरी पिशव्यांचा प्रश्न बराच सुटतो. सुरुवातीला जरा अवघड वाटतं. देताना हात आखडता घेतला, असं कुणी म्हणेल याची धास्ती असते. म्हणून असा बदल एकटीने करण्यापेक्षा चार-पाच मैत्रिणींनी एकाच वर्षी करणं सोपं जातं.

पॅकिंग: कायद्याने काय चालतं, काय नाही?

महाराष्ट्रात प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद होती.

त्यानंतर केंद्र सरकारच्या नियमांनी १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. या यादीतल्या अनेक गोष्टी थेट सणांशी संबंधित आहेत:

- सजावटीसाठीचं थर्माकोल
- फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या
- प्लॅस्टिकच्या प्लेटा, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ
- मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळलेली पातळ प्लॅस्टिक फिल्म
- १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीचे प्लॅस्टिक किंवा पीव्हीसी बॅनर

कॅरीबॅगची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन करण्यात आली.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'कापडासारख्या' दिसणाऱ्या रंगीत पिशव्यांबद्दल. वाणासाठी त्याच सर्रास वापरल्या जातात. या नॉन-वोव्हन पिशव्या कापडाच्या नसतात. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे धागे दाबून त्या बनवलेल्या असतात. केंद्राच्या नियमांनुसार त्यांचं वजन दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम असायला हवं. हाताने सहज फाटणारी, आरपार दिसणारी पिशवी बहुधा या नियमात बसत नाही.

ओळखायची कशी? पिशवी उजेडात धरून जवळून बघायची. कापडात उभे-आडवे विणलेले धागे दिसतात. नॉन-वोव्हनमध्ये विण नसते, फक्त दाबाचे बारीक ठिपके दिसतात.

गिफ्ट पेपरचीही अशीच एक सोपी परीक्षा आहे. कागद मुठीत चुरगळायचा आणि सोडायचा. गोळा तसाच राहिला तर तो बहुतेक करून कागद असतो. पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिकचा थर असतो आणि तो रद्दीत चालत नाही.

आणि चमकी? ती प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचे कण असते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान असल्याने ती मायक्रोप्लॅस्टिकमध्ये मोडते. एकदा सांडली की गोळा करता येत नाही, थेट मोरीतून पाण्यात जाते. मुद्दाम मिसळलेल्या मायक्रोप्लॅस्टिकवर युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आणायला सुरुवात केली, त्यात प्लॅस्टिकची सुटी चमकीही आहे.

बोरन्हाण: बोरं कमी, रॅपर जास्त?

लहान मुलांच्या बोरन्हाणात डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभरे आणि तिळाच्या रेवड्या सोडतात. जमलेली पोरं त्या लुटतात. आता त्यात चॉकलेटं, गोळ्या आणि बिस्किटांचे छोटे पुडे वाढले आहेत.

या वेष्टनांची अडचण अशी की ती एकाच पदार्थाची नसतात. प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, असं बरंच वेष्टन असतं. हे थर वेगळे करणं अवघड आणि खर्चाचं असतं. त्यामुळे कचरावेचक ते उचलत नाहीत आणि भंगारवाले घेत नाहीत. पाण्याची बाटली रस्त्यावर पडली तर कुणीतरी उचलतं, कारण तिला भाव आहे. चॉकलेटचा कागद पडला की तो तिथेच राहतो.

म्हणून बोरन्हाणात जुनी यादी सरस ठरते. पोरांना चॉकलेटच हवं असेल, तर मोठा पुडा आणून लुटून झाल्यावर वाटता येतं. हलव्याचे दागिने घेतानाही एक बघावं. हलवा दोऱ्यात ओवलेला किंवा कागदावर लावलेला असेल तर ठीक. त्यात प्लॅस्टिकचे मोती आणि थर्माकोलचे गोळे मिसळलेले असतील, तर ते खाताही येत नाहीत आणि मातीतही जात नाहीत.

मांजा: सणाच्या कचऱ्यातला सगळ्यात धोकादायक कचरा

येवला, नाशिक आणि नागपूर ही पतंगांची गावं. येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या भरलेल्या असतात. पण याच दिवसांत दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या, पक्षी जखमी झाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांपासून बनलेल्या मांजावर देशभर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही हा विषय हाती घेऊन प्रशासनाकडून वेळोवेळी जाब मागितला आहे. तरीही तो मिळतो. त्याला 'चायनीज' म्हणत असले तरी तो भारतातही तयार होतो, आणि बाजारात छापे पडले की विक्री फोनवरून आणि कुरिअरने सुरू राहते.

नायलॉन धोकादायक का? सुती दोरा ठरावीक ताणाला तुटतो आणि पावसात कुजतो. नायलॉन ताणला की लांबतो, पण सहजी तुटत नाही. त्यामुळे समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गळ्यात तो रुततो. पतंग कटला की त्याच्यासोबत लांबच लांब धागा जातो आणि झाडात, तारांत अडकतो. तो कुजत नाही. म्हणजे जानेवारीत अडकलेल्या मांजात पक्षी जून महिन्यातही अडकू शकतो. धातूची पूड लावलेला मांजा विजेच्या तारांना लागला, तर धक्का बसण्याचा धोका वेगळाच.

काचेची पूड लावलेला सुती मांजाही पूर्ण निर्धोक नाही. तो कुजतो, पण कापतो. मुलांच्या हातात साधा, विनाधारेचा सुती दोरा देणं हा सगळ्यात सुरक्षित पर्याय.

याशिवाय:

- कागद आणि बांबूच्या कामट्यांचा पतंग घ्या, प्लॅस्टिकचा टाळा.
- पक्षी सकाळी लवकर घरट्यातून निघतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास परततात. त्या वेळी पतंग उडवू नका.
- दुचाकीवर गळ्याभोवती जाड मफलर किंवा ओढणी गुंडाळा, हेल्मेटची काच खाली ठेवा.
- दुसऱ्या दिवशी गच्चीवरचा आणि हात पोहोचेल तिथला मांजा गोळा करा. त्याचे लहान तुकडे करून कागदात गुंडाळा आणि मग सुक्या कचऱ्यात टाका. लांब धागा तसाच टाकला तर तो कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात कापतो.
- विजेच्या तारांवरचा मांजा काढायला जाऊ नका.
- पक्षी अडकलेला दिसला तर धागा ओढू नका, तो आणखी रुततो. पक्ष्यावर कापड टाकून त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

नाताळ: प्लॅस्टिकचं झाड की खरं?

नाताळचं झाड खरं आणावं की प्लॅस्टिकचं, हा वाद युरोप-अमेरिकेत जुना आहे. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार, दोन मीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. तेवढंच खरं झाड कचराभूमीत कुजलं तर सुमारे १६ किलो आणि भुसा करून वापरलं किंवा जाळलं तर सुमारे साडेतीन किलो. म्हणजे प्लॅस्टिकचं झाड घेतलं तर ते दहा-बारा वर्षं तरी वापरायला हवं.

आपल्याकडे घरोघरी सूचिपर्णी झाड तोडून आणण्याची सोय नाही. त्यामुळे ज्यांच्या घरी आधीच प्लॅस्टिकचं झाड आहे, त्यांनी तेच दर वर्षी काढणं सगळ्यात बरं. नवीन हवंच असेल तर कुंडीतलं अरौकेरिया नर्सरीत मिळतं. ते वर्षभर गॅलरीत राहतं.

गोवा आणि वसई पट्ट्याकडे तर याहून चांगली परंपरा आहे. येशूजन्माचा गोठा गवत, माती आणि बांबूचा केला जातो. त्यातल्या हिरवळीसाठी काही दिवस आधी नाचणी पेरून तिचे कोवळे अंकुर लावतात. दारावरचा तारा बांबूच्या कामट्यांना पतंगाचा कागद चिकटवून करता येतो. नाताळ संपला की नाचणी मातीत, गवत गुरांना आणि कामट्या पुढच्या वर्षीसाठी.

थर्टी फर्स्ट: धूर का साचतो?

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही. वर तुलनेने उबदार हवेचा थर असतो. खालची थंड हवा जड असल्याने वर जात नाही. जणू शहरावर झाकण बसतं. त्यामुळे जूनमध्ये पांगून गेला असता तो धूर डिसेंबरच्या रात्री खालीच अडकतो.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ च्या निकालात नाताळ आणि नववर्षाच्या रात्री फटाक्यांसाठी ११:५५ ते १२:३० एवढीच वेळ दिली होती.

शेकोटीचंही तसंच. सुकी लाकडं वेगळी आणि कचरा वेगळा. ताटल्या, पिशव्या, टायर शेकोटीत टाकले की विषारी वायू बाहेर पडतात आणि शेकायला बसलेले लोकच ते सगळ्यात आधी हुंगतात. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५ हजार रुपये भरपाई, असा आदेश हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता.

शंभरपेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम करायचा असेल तर आणखी एक नियम लक्षात ठेवायला हवा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा आयोजकांवर पालिकेला किमान तीन दिवस आधी कळवण्याची आणि कचरा जागेवरच वेगळा करण्याची जबाबदारी टाकली.

ताटात उरलेलं अन्न

सणाच्या कचऱ्यात प्लॅस्टिक डोळ्यांना दिसतं, पण अन्न दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांमधलं होतं.

ओला कचरा कचराभूमीत दाबला गेला की तिथे हवा पोहोचत नाही आणि मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या काळात मोजलं तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

संक्रांतीचा ओला कचरा खतासाठी मात्र फार चांगला. शेंगांची टरफलं आणि वाळलेली चिपाडं 'सुकं' म्हणून, भाज्यांची सालं 'ओलं' म्हणून एकावर एक टाकली की वास न येता खत होतं. गजऱ्याचा दोरा तेवढा काढून टाकायचा. उरलेली सुगडं पुढच्या वर्षापर्यंत धान्य ठेवायला, पक्ष्यांसाठी पाणी ठेवायला किंवा तळाला भोक पाडून रोपं लावायला वापरता येतात.

सगळी जबाबदारी घरातल्या बाईचीच का?

वाण बायका आणतात, खाऊ बायका करतात आणि कचरा वेगळा करा हेही बायकांनाच सांगितलं जातं. पण चॉकलेटला किती थरांचं वेष्टन लावायचं हे कंपनी ठरवते. 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' या तत्त्वानुसार प्लॅस्टिकचं वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याचं बंधन आहे. त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाली. नायलॉन मांजा विकला जातो की नाही, हे पोलीस आणि पालिकेने बघायचं आहे.

मधल्या काळात हा कचरा हाताळतात ते कचरावेचक. पुण्यात १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. त्यातूनच पुढे घरोघरी कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था तयार झाली. सणांनंतर वाढलेला कचरा शेवटी अशाच हातांतून जातो. काचेची फुटकी बाटली कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करणं, ओलं-सुकं वेगळं देणं, एवढं केलं तरी त्यांच्या कामातली जोखीम कमी होते.

घरातल्या पुरुषांनाही कामं आहेत. मांजा कोणता आणायचा, तो दुसऱ्या दिवशी कोण गोळा करणार, थर्टी फर्स्टच्या बाटल्या कोण उचलणार, हे सण सुरू होण्याआधीच ठरवता येतं.

सुरुवात कुठून करायची?

सगळं एकाच वर्षी बदलत नाही. ज्यांना एकच गोष्ट करायची आहे, त्यांनी मांजापासून सुरुवात करावी, कारण तिथे जीव जातात. दुसरी गोष्ट करता आली तर संपणारं वाण निवडावं. तिसरी, पिशवी न देणं.

आणि वाणाची यादी घेऊन बाजारात जाण्याआधी एक काम करावं. स्टूल घेऊन माळा उघडावा आणि गेल्या संक्रांतीला काय-काय आलं होतं, ते एकदा मोजावं. यंदा काय द्यायचं नाही, हे तिथेच कळतं.